पिंडाला कावळा शिवेपर्यंत

सव्वादहाला पिंड मांडला आणि अकरा वाजत आले तरी कावळा काही शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. चांगले सहा-सात होते. घाटाच्या कठड्यावर ओळीनं बसून ते आमच्याकडे बघत होते आणि आम्ही चौघं त्यांच्याकडे. मी, माझा नवरा शिरीष, मोठ्या नणंदबाई कुंदाताई आणि थत्ते गुरुजी. मधे पानावर माझ्या सासूबाईंचा पिंड. तिकडे मात्र एकही मेला ढुंकून बघेना.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. वाईच्या घाटावर आईंचा दहावा होता. गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलेलं असलं की कावळा शिवत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मग घरच्यांनी हात जोडून एकेक वचन द्यायचं. जे नेमकं लागू पडेल त्याला कावळा उतरतो.

"आई, परसातला पेरू मी तोडणार नाही," शिरीष म्हणाला.

एका कावळ्यानं मान खाजवली.

"आई, तुझी पेटी भजनी मंडळाला देऊ. माळ्यावर धूळ खात नाही ठेवणार," कुंदाताई म्हणाल्या.

काही नाही.

"आई, वर्षश्राद्ध घरी करू. कॅटररला नाही सांगणार," पुन्हा शिरीष.

यावर दोन कावळे उठून सरळ पलीकडच्या काठावर गेले. थत्ते गुरुजींनी हळूच घड्याळ पाहिलं. त्यांना साडेअकराला मेणवलीत दुसरा दहावा होता.

"वृंदा, आता तू बोल," कुंदाताई म्हणाल्या. "शेवटपर्यंत तूच होतीस ना तिच्याजवळ? आईचं मन कशात अडकलंय हे घरातल्या बाईला ठाऊक नसेल तर कुणाला असणार?"

ऐकायला वाक्य साधं आहे. पण त्याच्यामागे अर्धा कप कॉफी होती.

मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. साडेपाचला घरी आले की आम्ही सासवा-सुना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कॉफी घ्यायचो. भरपूर दूध, भरपूर साखर आणि वरून किसलेलं जायफळ. सव्वीस वर्षांत आईंनी कपात थेंब ठेवला नव्हता. त्या बुधवारी मात्र अर्ध्यावरच कप सरकवला, "आज नको गं" म्हणाल्या, लवकर झोपल्या आणि सकाळी उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, ब्याऐंशी वय, झोपेत गेल्या, पुण्यवान बाई. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कुंदाताई सांगायच्या, "कधी नाही ती आईनं कॉफी अर्धी टाकली हो त्या दिवशी," आणि सांगून झालं की माझ्याकडे बघायच्या. म्हणजे मी काहीतरी बोलले असणार. आईंना काहीतरी लागलं असणार. आणि खरं सांगते, दहा दिवस मीही तेच उगाळत होते. काय बोलले मी? कशानं दुखावल्या? आणि आता हा कावळासुद्धा कुंदाताईंच्याच बाजूनं साक्ष द्यायला बसला होता.

मी हात जोडले. "आई," म्हटलं, "माझं काही चुकलं असेल तर..."

कावळ्यांनी जागासुद्धा बदलली नाही.

"थांबा, तिची सुपारी ठेवून बघू," म्हणत कुंदाताईंनी आईंचं कापडी पाकीट पिशवीतून काढलं आणि पायरीवर पालथं केलं. सुपारी पडली, लवंगा पडल्या, एक सेफ्टी पिन पडली आणि सगळ्यांत शेवटी पडलं एक खाकी पुठ्ठ्याचं कार्ड.

मी उचललं. वर लिहिलं होतं 'गिरणी कॉफी'. खाली दहा कप छापलेले. नऊ कपांवर लाल शिक्के मारलेले, दहावा कोरा. त्याच्याखाली बारीक अक्षरात, 'दहावी आमच्याकडून'.

"हे आईचं नाही," कुंदाताई लगेच म्हणाल्या. "आईनं उभ्या जन्मात हॉटेलात पाण्याचा घोट घेतला नाही."

मी कार्ड उलटून दाखवलं. मागे आईंच्या ठसठशीत अक्षरात, श्रीमती अनसूया गो. सोहोनी. आईंना नाव घालायची सवयच होती, घरातलं एक फुलपात्र सुटलं नव्हतं.

"मग रस्त्यात सापडलं असेल आणि घातलं असेल नाव."

"शिक्के बुधवारचे आहेत, ताई. सगळेच्या सगळे. खाली तारखा आहेत." शेवटची तारीख मी दोनदा वाचली. आई गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळची.

"पण बुधवारी तर ती भजनाला जायची," शिरीष म्हणाला.

थत्ते गुरुजींनी हात पुढे केला, कार्ड लांब धरून नीट वाचलं आणि विचारलं, "ही दहावी म्हणजे फुकट का?"

"हो."

"आणि ती घ्यायची राहिली?"

"हो."

गुरुजी गंभीर झाले. "वहिनी, तीस वर्षं हेच काम करतोय मी. माणसाचं मन कशात अडकेल काही सांगता येत नाही. पण हक्काचं फुकट मिळणारं राहून गेलं असेल, तर..." त्यांनी कावळ्यांकडे पाहिलं. "स्कूटी आणलीये ना? निघा तुम्ही."

"अहो गुरुजी, सुतकात? हॉटेलात?" कुंदाताई किंचाळल्याच.

"पार्सल," गुरुजी म्हणाले.

गिरणी म्हणजे आमच्या जगतापांची पिठाची गिरणी. अख्ख्या आळीचं दळण तिथं जायचं. जगताप थकले, गिरणी बंद पडली आणि दोन-अडीच महिन्यांपूर्वी त्यांच्या लेकीनं, रेणुकानं, बंगळूरची नोकरी सोडून, तिथं कॉफीचं दुकान काढलं, हे मी ऐकून होते. गावानं व्हायची तेवढी थट्टा केली होती. एवढी शिकली आणि वाईत येऊन टपरी टाकली म्हणे! मी काही कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आत गेले तर थंडगार. जिथं पिठाचे डबे रांगेला लागायचे तिथं लाकडी टेबलं. एका टेबलाशी दोघं जण लॅपटॉप उघडून असे बसले होते की जसा काही देशाचा कारभार त्यांच्यावरच आहे. काउंटरमागे रेणुका, कमरेला चामड्याचा एप्रन, समोर काचेची नळकांडी, नरसाळी आणि सोनाराकडे असतो तसला छोटा काटा. भिंतीवरच्या फळ्यावर कॉफ्यांची नावं आणि प्रत्येकीपुढे काय काय लिहिलेलं. एकीपुढे होतं, 'संत्र्याची साल, गूळ, मोगरा'.

"हे सगळं घालता कॉफीत?" घाईत असूनही माझ्या तोंडून निघून गेलं.

"नाही काकू, घालत काहीच नाही. पिताना तसा भास होतो."

"भासाचे पैसे घेता?"

ती हसली. "कुठली देऊ?"

"एक पार्सल. माझ्या सासूबाई घेतात ती. आणि जरा पटकन." मी कार्ड पुढे केलं.

तिनं उलटं करून नाव वाचलं आणि एकदम उजळली. "अनसूया आजी! म्हणजे तुम्ही वृंदाकाकू! अहो, या बुधवारी आल्याच नाहीत आजी. मी त्यांची खुर्ची राखून ठेवली होती. कुठंयत?"

"घाटावर आहेत."

उभ्या उभ्या कसं सांगायचं ते मला सुचेना.

"मग इथंच आणा ना त्यांना! पार्सल केलं की सगळी मजा जाते. त्यांनाच नाही चालत."

"त्यांना नाही येता यायचं."

"गुडघा परत?"

"नाही गं बाई. कावळा शिवत नाहीये."

रेणुकाच्या हातातली किटली तशीच राहिली. मग तिनं ती खाली ठेवली, पाठ फिरवली आणि स्वच्छ असलेला ओटा दोनदा पुसला. वळली तेव्हा डोळे लाल होते. मला इकडे कुंदाताईंचा राग येत होता, कावळ्यांचा येत होता आणि इथं ही परकी पोर माझ्या सासूसाठी रडत होती.

"त्या बुधवारी तर अगदी बऱ्या होत्या हो," ती म्हणाली. "मी केळीचा केक केला होता. अंडं नाही ना, असं तीनदा विचारून घेतलं आणि मग दोन मोठे तुकडे खाल्ले. वर मोठा मग भरून कॉफी. पाच वाजता उठल्या तेव्हा म्हणाल्या, आता घरी जाऊन काही घ्यायला जागाच नाही."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

केक! म्हणजे केकानं भरलेलं पोट घेऊन आई घरी आल्या होत्या आणि मी वर आणखी कॉफी पुढे ठेवली. अर्धी प्यायल्या हेच खूप झालं! दहा दिवस मी स्वतःला खात होते. काय चुकलं, काय लागलं त्यांना म्हणून शाळेतल्या बाईंपुढे रडले होते. आणि कारण काय, तर केळीचा केक. मला इतकं हलकं वाटलं की सुतक विसरून त्या पोरीला मिठीच मारावीशी वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. शिरीष. "कुठायस? गुरुजी म्हणतात अजून वीस मिनिटं, फार तर. मग दर्भाचा कावळा करू म्हणतात."

"आलेच," म्हणून मी फोन ठेवला. "रेणुका, झटपट कर गं."

पण झटपट हा शब्दच त्या दुकानात नव्हता. तिनं बिया तोलल्या. एक बी जास्त झाली ती काढली. दळल्या. कागदाची घडी नरसाळ्यात बसवली, तो कागद गरम पाण्यानं धुतला. कागद धुणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. मग थोडंसं पाणी ओतून थांबली.

"आता काय झालं?"

"फुलू द्यायचं तिला."

"अगं, कावळे उडून जातील!"

"घाई केली तर पाणी नुसतं पळतं, काकू. आजीच म्हणायच्या हे." मग ती बारीक धार गोल गोल धरत राहिली, आपण अभिषेकाला धरतो तशी, आणि तिला बोलायचं होतंच. "पहिल्या दिवशी आजी आल्या त्या गव्हाचा डबा घेऊन. दार उघडं दिसलं म्हणून गिरणी पुन्हा सुरू झाली असं वाटलं त्यांना. मी म्हटलं, आजी, इथं आता कॉफी दळतो. तर म्हणाल्या, दाखव बघू. पीठ बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाल्या, फार बारीक काढलंयस, म्हणून कडवट लागत असणार. अहो, मी बंगळूरला सहा महिन्यांचा कोर्स केलाय! पण जाडसर करून बघितलं तर त्यांचंच बरोबर. तेव्हापासून नवीन पोतं आलं की आजींनी चोळल्याशिवाय मी यंत्र लावत नव्हते."

आमच्या घरात आईंच्या हाताला पिठाची पारख होती हे खरंच होतं. माझी भाकरी थापताना तुटली की पिठाकडे बघायच्या, माझ्याकडे नाही.

"साखर घालतेस ना?" मी विचारलं.

"छे! साखर नाही, दूध नाही. पहिल्या दिवशी एकच गोष्ट विचारली त्यांनी. यात जायफळ तर नाही ना?"

"का बरं?"

रेणुकानं नजर किटलीवर ठेवली. धार धरण्यात गुंतल्यासारखं केलं.

"सांग," मी म्हटलं. "कावळा खोळंबलाय."

"घरी सव्वीस वर्षं जायफळाची कॉफी पिते, म्हणाल्या. नुसता वास आला तरी पोटात ढवळतं."

असं तोंडात मारल्यासारखं झालं मला! रोज, रोज मी त्या किसणीवर बोटं सोलून घेतली होती. "मग मला का नाही बोलल्या? मी काय खाणार होते का त्यांना?"

"मी पण हेच विचारलं. तर म्हणाल्या, वृंदाला फार आवडते गं. दिवसभर चाळीस पोरांपुढे ओरडून येते बिचारी आणि किती हौसेनं किसत बसते. तेवढंच एक सुख आहे तिला, ते कशाला मोडू?"

"मला?" मी ओरडलेच. लॅपटॉपवाले दोघं दचकून बघायला लागले. "मला आवडते? मला?"

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आईंनी माझ्या हातात जायफळ ठेवलं होतं. आपल्याकडे कॉफीत हे लागतं, म्हणाल्या. पहिला घोट घेतला आणि मला उमासा आला. पण नवी सून, काय बोलणार? आईंना आवडतं ना, मग झालं. आईंना आवडतं म्हणून मी कपाटात जायफळं साठवून ठेवली, आईंना आवडतं म्हणून थोडं जास्तच किसलं, आणि सव्वीस वर्षं समोर बसून, श्वास रोखून, हसऱ्या तोंडानं गिळत आले. आणि टेबलापलीकडे त्याही तेच करत होत्या! एकमेकींना बरं वाटावं म्हणून!

मला हसू आलं. असं काही आलं की आवरेना, आणि हसता हसता रडूही यायला लागलं. रेणुकानं काही न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला, कागदी कपावर झाकण बसवलं आणि शिक्का उचलला.

"दहावा मारू?"

"मार," मी म्हटलं.

घाटाच्या वरच्या पायरीवर पोचते तोच खालून कुंदाताई ओरडल्या, "शिवला! शिवला गं!"

बघते तर एक लठ्ठ कावळा पिंडाचा लचका घेऊन निघाला होता. कॉफी माझ्या हातातच.

"मी म्हटलं, आई, वृंदाला मी सांभाळीन," शिरीष डोळे पुसत म्हणाला.

"ते केव्हाच म्हणून झालं होतं तुझं, तेव्हा कुठं आला?" कुंदाताई म्हणाल्या. "मी म्हटलं, आई, वृंदाला मी आता टोचून बोलणार नाही. तशी लगेच झेप घेतली त्यानं. गुरुजी साक्षीला आहेत!"

"म्हणजे दहा दिवस टोचत होता हे कबूल ना, ताई?" मी म्हटलं.

कुंदाताईंनी पायरीवरच्या लवंगा वेचून पाकिटात भरायला घेतल्या.

"छान झालं," गुरुजी आवराआवर करत म्हणाले. "आता ते कॉफीचं नदीत सोडू नका तेवढं."

मग काय करायचं तिचं? मी पायरीवर टेकले, झाकण काढलं आणि एक घोट घेतला. कडू होती. पण दुसऱ्या घोटाला, देवाशपथ सांगते, मागून गुळाचा भास झाला.

"शी! बिनदुधाची?" कुंदाताई शेजारी बसल्या. आवाज मऊ झाला होता. "टाक ती. घरी चल आणि तुझी जायफळाची कर सगळ्यांना. आईला फार आवडायची."

नेहमीप्रमाणे "हो ताई" म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण निघालं भलतंच.

"आईंना नव्हती आवडत. आणि मलाही नाही आवडत. कधीच नाही आवडली."

मग शिरीष म्हणाला, "मला वाटायचं, तुम्हा दोघींना आवडते. म्हणून तर काही न बोलता मी संध्याकाळी चहा मागायला लागलो."

"मला तर लहानपणापासून मळमळतं," कुंदाताई म्हणाल्या. "पण माहेरी आले की आई कौतुकानं माझ्या कपात जास्त घालायची. काय बोलणार?"

थत्ते गुरुजींनी घसा खाकरला. "विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तुमच्याकडे श्राद्धाला कॉफी घेतली की दुपारभर मला झोप आवरत नाही."

आम्ही चौघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"मग आवडायची कुणाला?" शिरीषनं विचारलं. मग त्याला वडील आठवले. "अण्णांना?"

"अण्णा जन्मभर चहा प्यायले," कुंदाताई म्हणाल्या.

आधी त्याच हसल्या. मग शिरीष, मग गुरुजी. दहाव्याला घाटावर असं खदखदा हसणारं घर लोकांनी पाहिलं नसेल; पलीकडच्या पायरीवरची माणसं वळून वळून बघत होती. कुंदाताईंनी माझ्या हातातला कप घेतला, तोंड वाकडं करून एक घोट प्यायल्या आणि म्हणाल्या, "हॅ, काय कडू आहे!" आणि तो परत न देता आणखी एक घेतला.

मी मात्र हसता हसता थांबले. सव्वीस वर्षांत सोहोन्यांच्या सासवा-सुनांचं एकदाही भांडण झालं नाही, म्हणून आळीत आमचं नाव होतं. मीही ते मिरवत आले होते. त्या पायरीवर बसून मला वाटलं, एकदा तरी भांडायला हवं होतं. पहिल्याच वर्षी, चांगलं कडकडून.

मग दर बुधवारी आम्ही दोघी जोडीनं गेलो असतो.